मुसकं मोठ्यालाच

भाजलेल्या भुट्ट्याचा वास आला की तेलीबांध्याच्या तळ्याकाठची ती संध्याकाळ आठवते. माझ्या अल्सेशियनचा पट्टा मी हाताला वेढे देऊन धरला होता. तेवढ्यात एका बाईंचं मोकळं सोडलेलं पांढरं, इवलंसं कुत्रं धावत आलं आणि त्याच्या पायाला चावलं. आमचा जागचा हलला नाही. बाईंनी आपलं उचलून छातीशी धरलं. "भाऊ, सांभाळा न तुमचा! पोट्टं घाबरलं माझं." "अन् माझ्याचं रक्त निघून राहिलं, ते?" मी ओरडलो. गर्दी जमली, चौकीदार आला. रक्ताकडे न बघताच मला म्हणाला, "भैया, कल से बड़ेवाले का मुँह बाँधके लाना." एरवी बाजारात भाव करताना कोणाचं न ऐकणारा मी, तिथे हरलो. पुढे रोज मुसकं हातात घेतलं की फिरायला जायच्या आनंदात कुत्रा स्वतःच तोंड पुढे करायचा. तो जाऊनही आता वर्षं झाली. त्या बाईंना मी अजून माफ केलेलं नाही.