टोपली उपडी करा, मग बोला

नाना गेले, हे मला दलालाच्या माणसाने सांगितलं, म्हणून मी ते खरंच मानलं नाही. दादरच्या बाजारात माल उतरवत होतो. म्हटलं, मला इथून कटवून हा भाव पाडायला बघतोय. "चल रे, दुसऱ्या कुणाला तरी बनव!" म्हणून हाकलला त्याला. बोरीवलीला परतलो, तर नानांच्या अंगणात माणसं उभी... महिना होत आला, पण 'तुझं खरं होतं' असं त्याला मी अजून म्हटलेलं नाही. नानांनीही म्हटलं नसतं.

नाना आमच्या शेजारच्या वाडीचे मालक. मालक कसले, वांगी-पडवळाचे चार वाफे नि एक विहीर. आम्हा सगळ्यांचं तेवढंच. टोपलीला ज्याची त्याची रंगीत चिंधी बांधलेली असायची, त्यामुळे माल कुणाचा ते दलालाला लांबूनच कळे. तो एकाला चढा भाव द्यायचा, दुसऱ्याला पाडायचा आणि तिसऱ्याच्या कानाला लागायचा, की पहिला मला गुपचूप भेटून गेला. सख्खे भाऊ बोलेनासे झाले होते. मग सहकार खात्याचे साहेब आले, देवळात एकजुटीवर भाषण ठोकून, चहा पिऊन गेले. आमची भाजीवाल्या शेतकऱ्यांची मंडळी स्थापन झाली आणि लगेच मोडायलाही आली.

तेव्हा नाना उठले. "एकमेकांवर विश्वास ठेवा म्हणे! मी नाही ठेवणार. ह्या बाळूवर तर मुळीच नाही." बाळू म्हणजे मी. "चिंध्या काढा. सगळ्यांचा माल एका ढिगात, एका भावात."

"आणि तुम्ही तळाला किडकी वांगी भरलीत तर?" मी विचारलं.

"म्हणून तर माझी टोपली तू उपडी करायचीस आणि तुझी मी. माझ्या अंगणात, सगळ्यांसमोर!"

अहो, काय तपासायचे! एकेक वांगं फिरवून भोक शोधायचे. बायकोनेही कधी मला इतकं निरखून पाहिलं नसेल. मीही त्यांना सोडत नव्हतो. पहिल्या दिवशी बाजारात दलालाने ढिगाला हात लावला नाही. माल माना टाकायला लागला, तसे दोघेतिघे चिंध्या शोधू लागले. नाना ढिगाला टेकून बसले. "बांधा खुशाल. उद्या तुम्हाला पाडलं की रडायला माझ्याकडे येऊ नका." दुपारी दलाल मुकाट आला आणि सगळ्यांना एकच भाव मिळाला. पुढच्या पावसाळ्याआधी आमच्या घरावर गवत जाऊन कौलं चढली, ती नानांच्या ह्या संशयी स्वभावामुळे.

तेरावं झाल्यावर पुन्हा त्यांच्याच अंगणात माल जमला. सगळ्यांच्या टोपल्या उपड्या झाल्या, माझी तेवढी राहिली. "असू दे रे, बाळूचा माल काय बघायचा?" कुणीतरी मायेने म्हणालं. आज माझी राहिली, उद्या दुसऱ्याची राहील, परवा कुणीतरी चिंधी बांधेल. मंडळी अशीच मोडणार, भांडणाने नाही, भिडेने... मला नानांचा राग आला. असं मध्येच जायचं असतं का?

एवढ्यात काकी, नानांची बायको, आपली टोपली घेऊन घरातून बाहेर आल्या. कुणाकडे न बघता त्यांनी माझी टोपली उपडी केली. खाली बसून एकेक वांगं फिरवलं. एक माझ्यासमोर धरलं.

"हे भोक कसलं रे?"

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज करडा होता. मी ते वांगं बाजूला टाकलं. मग काकींची टोपली पुढे ओढली आणि सगळ्यांसमोर उपडी केली.