माझ्या तीन, त्याची एक

गाडीवरून पडून डोक्याला मार लागला, म्हणून कोल्हापुरात माझ्या डोक्याचा स्कॅन केला. माराचं काही निघालं नाही. डॉक्टरांनी तीन पांढऱ्या ठिपक्यांवर बोट ठेवलं. जंताच्या गाठी, वाळलेल्या.

"आमच्या घरात मटण शिजत न्हाय वो," माझी आई, अव्वा, चिडून म्हणाली. गळ्यात लिंग असलेली लिंगायत माणसं आम्ही.

"न धुतलेल्या भाजीतूनही या जंताची अंडी पोटात जातात," डॉक्टर म्हणाले. त्यांनी घरातल्या सगळ्यांनाच तपासलं. अव्वा स्वच्छ निघाली. धाकट्या भावाच्या डोक्यात एक गाठ सापडली.

आम्हा दोघांनाही कधी फिट आली नव्हती, कसलाच त्रास नव्हता. मी विचारलं, "आमच्यातलं कोण आजारी पडेल?"

"काहींना जन्मभर काही होत नाही, काहींना अचानक झटका येतो. आधी ओळखता येत नाही," ते म्हणाले. मग दोघांनाही बजावलं, "पाण्यात एकटं उतरू नका."

शिरोळला परतताना भाऊ एसटीत हसत म्हणाला, "तुझ्या तीन, माझी एकच. मी पास झालो की, अक्का!"

आम्हालाही ते पटलं. अव्वा मला चुलीजवळ बसू देईना, मी न्हाणीत गेले की दाराबाहेर उभी राही. भावाकडे कुणी बघितलंच नाही. मीसुद्धा नाही. घरच्यांचं लक्ष आपल्यावर आहे, याचं मला बरं वाटायचं. हे आज लिहिताना लाज वाटते.

वर्षभरानं, एका सकाळी तो म्हैस धुवायला कृष्णेवर गेला. पलीकडच्या काठावरच्या एका म्हाताऱ्यानं पाहिलं: कमरेएवढ्या पाण्यात उभ्याउभ्या त्याचे हात ताठ झाले, मान वळली आणि तो खाली गेला. म्हातारा पोहत येईपर्यंत उशीर झाला होता. म्हैस आपली आपण घरी आली.

त्याचं दिवसकार्य झाल्यावर मी डॉक्टरांकडे गेले. "त्यालाच का? माझ्या तर तीन आहेत."

ते म्हणाले, "मलाही सांगता येत नाही, ताई."

मला आजवर काहीही झालेलं नाही. भेटायला येणाऱ्यांना अव्वा सांगते, "पाय घसरला पोराचा." मी तिथंच बसलेली असते. तिचं म्हणणं मी कधी खोडत नाही.