चिडण्याची परवानगी

आमचं घर पहिल्यापासून भांडकुदळ. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, पण वाद घालण्यातून निवृत्त व्हायचा त्यांचा विचार नव्हता. चहा पातळ का झाला इथपासून परदेशी कंपन्यांना देशात येऊ द्यावं की नाही इथपर्यंत, बिबवेवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांत रोज संध्याकाळी कशावरून तरी वाजायचंच. त्यांच्यासमोर टिकणारी मी एकटी. "एका माळेचे मणी," आई म्हणायची.

मी आजारी पडले आणि हे सगळं थांबलं. शेजारपाजारचे लोक भिंतीपलीकडून माझ्याविषयीच बोलतात, अशी माझी खात्री झाली होती. हॉस्पिटलातून परतले ती घरची पाहुणी होऊनच. मी म्हणेन ती पूर्व दिशा. एकदा मुद्दाम म्हटलं, "बाबा, सरकारी नोकर सगळे कामचुकार." एरवी या वाक्यावर भरल्या ताटावरून उठणारा हा माणूस म्हणाला, "असेलही, बाळा." मला रडूच कोसळलं. आईने लगेच विचारलं, "गोळी घेतलीस ना?"

हसले तरी तोच प्रश्न, गप्प बसले तरी तोच. गोळ्या मी नेमाने घेत होते. गोळ्यांवर माझा राग नव्हताच, त्या प्रश्नावर होता.

डॉक्टरबाई मात्र वेगळं बोलायच्या. "भास थांबले म्हणजे झालं, असं नसतं. तिचं आयुष्य पुन्हा तिच्या हातात द्यायचं. रिकव्हरी म्हणतात ती ही. आता धोरणांतसुद्धा हे यायला लागलंय." धोरण म्हटल्यावर बाबांनी आदराने मान डोलावली आणि रिक्षात बसल्या बसल्या आईला सांगितलं, "धोरण कागदावर असतं. हिला एकटीला कुठे सोडायचं नाही."

तरीही मला खराडीच्या एका कंपनीत नोकरी लागली. आजाराचं तिथे मी कुणाला सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी सकाळी मी चहा घेत होते, कंपनीची बस कोपऱ्यावर यायची वेळ झाली होती, आणि बाबा इस्त्रीचा शर्ट घालून बुटांच्या नाड्या बांधत होते.

"तुम्ही कुठे निघालात?"

"तुझ्या साहेबांना भेटतो. सगळं त्यांच्या कानावर घातलेलं बरं. सांभाळून घेतील."

कसं सांभाळून घेतील ते मला दिसत होतं. गोड बोलून, चहा पाजून दुपारी घरी पाठवतील.

"बाबा, तुम्ही यायचं नाही. माझी नोकरी जाईल."

"बरोबर आहे तुझं, बाळा," ते म्हणाले आणि दुसऱ्या बुटाची नाडी बांधू लागले.

त्या 'बरोबर आहे'ने माझा तोल गेला. मी कप आपटला, बशी खाली पडून फुटली. आई हातात गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन धावत आली. "सकाळची घेतलीये मी!" मी किंचाळले. तोवर माझ्या भावाने आतल्या खोलीतून डॉक्टरबाईंना फोन लावलाही होता. "पुन्हा सुरू झालंय," तो हलक्या आवाजात सांगत होता.

मी जागच्या जागी थिजले. आणखी एकदा आवाज चढला तर खराडीऐवजी रिक्षाने थेट हॉस्पिटल. गप्प राहिले तर बाबा साहेबांकडे. इतकी भीती मला आजारातही वाटली नव्हती.

भावाने फोन बाबांकडे दिला. "बाई विचारतायत, ती कशावरून चिडली?"

हे तोवर घरात कुणी विचारलंच नव्हतं. बाबा फोनवर म्हणाले, "मी तिच्या ऑफिसात जाऊन आजाराचं सांगणार होतो... म्हणून." पलीकडून बाई काय म्हणाल्या ते बाबांनी पुढे एका भांडणात सांगितलं: "अहो, मग मीही चिडले असते." तेव्हा मला फक्त त्यांचे लाल झालेले कान दिसत होते.

फोन ठेवून ते वळले.

"चिडायचं तर तोंडाने चिड ना!" बाबा गरजले. "त्या बशीने काय घोडं मारलं होतं तुझं? सहाच्या सेटमधली होती!"

"आणि माझ्या साहेबाकडे तुमचं काय अडलं होतं?"

"बाप आहे मी तुझा!"

"मग बापासारखं भांडा! बाळा-बाळा काय लावलंय?"

मी रडत होते आणि ओरडत होते. समोरच्यांचं दार किलकिलं झालं. खाली बसचा हॉर्न वाजला. बाबा मटकन खुर्चीत बसले आणि बुटांच्या नाड्या सोडू लागले. आई पेला घेऊन तशीच उभी होती. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे, गोळी डबीत टाकली आणि पाणी बाबांना दिलं. ओरडून त्यांचा घसा बसला होता.

मी पर्स उचलून जिना उतरत होते तेव्हा वरून त्यांचा तोच बसका आवाज आला.

"संध्याकाळी घरी ये, मग बघतो तुझ्याकडे!"

"बघाच!" मी खालून ओरडले आणि बसकडे धावत सुटले.