मागे उचलले जाणारे कोन

हाफ मॅरेथॉनच्या सतराव्या किलोमीटरला माझ्यामागे प्लास्टिकवर प्लास्टिक आपटल्याचा आवाज येऊ लागला. वळून पाहिलं. धावणाऱ्यांसाठी रस्ता अडवायला मांडलेले केशरी कोन मी ओलांडले की एक माणूस ते उचलून टेम्पोत एकात एक बसवत होता. म्हणजे माझ्यामागे धावणारं आता कोणीच नव्हतं.

चार वर्षांपूर्वी याच रस्त्यावर मी मजेत धावलो होतो. शेवटच्या माणसाच्या मागे काय चालतं, हे तेव्हा मनातही आलं नव्हतं. यंदाही पहाटेचा गजर एकदाही चुकवला नाही, गोड सोडलं. गुडघ्याने मात्र ऐकलं नाही. सरावाने शरीर सुधारतं, हे एका वयापर्यंतच खरं. त्यानंतर सराव फक्त घसरण लांबणीवर टाकतो.

पोटरीत गोळा आला म्हणून थांबलो. कोन उचलणारा माणूसही माझ्याजवळच्या कोनावर हात ठेवून थांबला.

“सावकाश होऊ द्या, काका. तुम्ही पुढे गेल्याशिवाय उचलत नाही मी.”

त्याच्यामागे रस्ता खुला झाला होता. स्कूटर, दुधाची गाडी, रिक्षा. तिथून कोणी धावत गेलं होतं, याची कसलीही खूण उरली नव्हती.

मी लंगडत त्या कोनाच्या पुढे गेलो. मागे तोच आवाज आला.