आमची बिनपंख्याची बोट

बोटीच्या बुडाला कालवं चिकटतात, तसे बोटवाल्यांना किस्से चिकटतात. त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही, नुसतं पाण्यात असावं लागतं. आमची बोट पाण्यात येऊन जेमतेम सात महिने झाले. त्यातले तीन महिने ती बंदच होती. तरी किस्से एवढे साचलेत, की नेरूळच्या आमच्या सोसायटीत लिफ्टमध्ये कोणी "काय म्हणते बोट?" असं विचारलं, की मी त्यांच्याच मजल्यावर उतरते!

मी न्यूझीलंडमध्ये चार वर्षं किनारपट्टीचं इंजिनिअरिंग शिकले. तिथे रविवारी माणसं पोराबाळांसकट, डबे घेऊन पाण्यावर जातात. ज्या पाण्यावर आपल्या घरची माणसं जातात, ते पाणी माणूस सहसा घाण करत नाही. आणि आमच्या नवी मुंबईला एवढी मोठी खाडी लाभलीय, तर आम्ही तिच्याकडे बघून बाल्कनीत कपडे वाळत घालतो. हे बदलायचं, असं ठरवून मी परत आले. सुरुवात अर्थातच स्वतःच्या घरापासून! म्हणून एक जुनी फॅमिली बोट घेतली. सहा सीटांची, जेट-ड्राइव्हची.

जेट-ड्राइव्ह म्हणजे बोटीच्या मागे फिरणारा पंखा नसतो. पोटाखालच्या एका जाळीतून पाणी आत ओढायचं आणि मागून पिचकारीसारखं फेकायचं, की बोट पुढे पळते. उथळ पाण्यात चालते, कोळ्यांची जाळी कापत नाही. "आपल्या खाडीसाठीच बनवलीय जणू!" असं मी सगळ्यांना सांगायचे. खाडीचं मत मी विचारलं नव्हतं.

बोट बांधायला जागा दिली हसुराम काकांनी. आमच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर जुना कोळीवाडा आहे. तिथल्या धक्क्यावर काकांचा शब्द चालतो. पण गावाची एक रीत आहे. बाहेरच्यांची बोट शिमग्यापर्यंत बांधू देतात. शिमगा झाला की बैठक बसते. त्या बैठकीत गावातल्या कोणीतरी एकाने त्या बोटीसाठी बोलावं लागतं. "नको" म्हणायची पद्धत नाही. कोणी काहीच बोललं नाही, की पुढच्या भरतीला आपण होऊन दोर सोडायचा.

दोर सोडून जायचं कुठे? जवळपास दुसरा धक्का नाही. म्हणजे बोट विकणं आलं. आणि बोट गेली की ही पोरगीही परत तिकडे जाणार, हे आईने मनाशी पक्कं धरलं होतं. त्यामुळे आमच्या घरात दिवसभर बोटीला शिव्या घालणारी आणि संध्याकाळी देवापुढे बोटीसाठी हात जोडणारी व्यक्ती एकच होती.

*

बोट आम्ही घेतली वाशीच्या एका गृहस्थांकडून. "अजिबात वापरलेली नाही हो," ते म्हणाले. "फक्त प्री-वेडिंगला!"

त्यांच्या दोन मुलांचं आणि तीन पुतण्यांचं प्री-वेडिंग शूटिंग त्या बोटीवर झालं होतं. सीटखालचा कप्पा उघडला, तर आत वाळलेल्या गुलाबपाकळ्या. पुढच्या काचेवर बदामाचं स्टिकर. इंजिनातलं ऑइल शेवटचं कधी बदललं, हे कोणालाच माहीत नव्हतं.

मी जरा कडक आवाजात विचारलं, "मॅन्युअल आहे का?"

"आहे ना!" म्हणत ते आत गेले आणि एक जाडजूड फोटो अल्बम घेऊन आले. "घ्या. यात बोटीचे सगळे अँगल आहेत!"

*

पहिल्याच दिवशी इंजिन असं गरजलं, की धक्क्यावरचे बगळे उडाले. बोट मात्र जागची हलेना. हलली तेव्हा बैलगाडीच्या वेगाने.

बोटींची कामं करणारे दोन मेकॅनिक येऊन गेले. एकाने मागे वाकून बघितलं आणि हळहळून म्हणाला, "पंखा पडला वाटतं पाण्यात. शोधायला माणूस उतरवू का?"

शेवटी बाबांनी शिंदेमामांना आणलं. शिंदेमामा साताऱ्याचे. पावणे एमआयडीसीत त्यांचं वर्कशॉप आहे, कारखान्यांचे पंप दुरुस्त करायचं. त्यांनी टॉर्च लावला, आत हात घातला, आणि दोन मिनिटांत त्यांचा चेहरा उजळला.

"बोट कोण म्हनलं हिला? पंप हाय ह्यो! पंपाला कुनीतरी सीटा बसवल्यात!"

माझं चार वर्षांचं शिक्षण त्यांनी एका वाक्यात उरकलं. आतल्या चाकाभोवतीची रिंग गाळाने झिजली होती, फट पडली होती, पाणी तिथूनच मागे फिरत होतं. मामांनी लेथवर नवी रिंग कातली, बसवली आणि हात पुसत मला खात्री दिली, "आता काय बी टेन्शन नाय. चौथ्या मजल्यापतूर पानी चढंल!"

*

आमचे बाबा रिटायर्ड माणूस. पस्तीस वर्षं स्कूटर चालवली, एक ओरखडा नाही. त्यांचा आयुष्याचा नियम एकच: धोका दिसला की गॅस सोडायचा.

जेट बोटीला मागे सुकाणू नसतं. मागून फेकलेलं पाणी जिकडे वळवाल, तिकडे बोट वळते. गॅस सोडला की पाणी बंद, आणि पाणी बंद झालं की स्टिअरिंग कितीही फिरवा, बोट सरळच जाते. हे मी बाबांना तीन वेळा समजावलं. तिन्ही वेळा त्यांनी मान डोलावली.

धक्का जवळ आला. बाबांना धोका दिसला. त्यांनी गॅस सोडला आणि स्टिअरिंग गरागरा फिरवायला लागले. आधी डावीकडे, मग उजवीकडे, मग देवाचं नाव घेत दोन्हीकडे. बोट शांतपणे सरळ गेली आणि धक्क्याला लावलेल्या टायरांवर आपटली.

वरून हसुराम काका बघत होते. म्हणाले, "सायेब, बोट चालवताव का घड्यालाला चावी देताव?"

त्याच रात्री मी मोठ्या अक्षरांत एक सूचना छापली आणि स्टिअरिंगसमोर चिकटवली: 'धोका दिसताच गॅस द्या.'

बाबांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली. मग आईकडे वळून म्हणाले, "हे शिकायला आपण हिला न्यूझीलंडला पाठवलं!"

*

मग बोट सजवायचं काम निघालं. मी यादी केली: सहा लाइफ जॅकेट, फर्स्ट एड, अग्निशामक, शिट्टी, दोर, नांगर. आईनेही यादी केली: पडदे, पायपुसणं, डब्यांसाठी रॅक, चपलांचा स्टँड. "तू स्वतः बोटीत पाय ठेवणार नाहीस, मग पायपुसणं कोणासाठी?" असं बाबांनी विचारलं, तर म्हणाली, "येणारे-जाणारे काय म्हणतील?" खाडीत येणारे-जाणारे कोण, हे तिने सांगितलं नाही.

नांगर मी खास मागवला होता. घडीचा, चकचकीत, वजनाला हलका. पहिल्यांदा टाकला, तर तो आमच्या चिखलातून असा अलगद सरकत आला, जणू आमच्यासोबत फिरायला निघालाय. अर्धा तास आम्ही "एका जागी उभे" होतो, तेवढ्यात समोरचा कांदळवनाचा पट्टा बदलला.

घरी येऊन मी हे सांगितलं. बाल्कनीत कुंडीखाली आजीचा जुना पाटा पडून होता, वाटणाचा, काळा, दगडी. तो तिने बाबांच्या हातात दिला. "याला दोर बांधून टाका."

टाकला. बोट तसूभर हलली नाही.

मी आनंदाने फोन केला, "आई, पाटा धरला!"

"धरणारच," आई म्हणाली. "सासूबाईंचा आहे. त्याही एकदा बसल्या की हलायच्या नाहीत."

*

पोटाखालच्या जाळीने पाणी ओढायचं, म्हणजे पाण्यातलं बाकी सगळंही ओढायचं. दर दहा मिनिटांनी इंजिन बंद करून, वरचं झाकण उघडून, खांद्यापर्यंत हात घालून अडकलेलं बाहेर काढायचं. मी त्याची वही ठेवली होती. दुधाच्या पिशव्या, वेफर्सची पाकिटं, एक अख्खी ओढणी. लोकांना शाळाशाळांतून ही वही दाखवायची, असा माझा बेत होता.

एकदा हिरवी पिशवी निघाली. आत निर्माल्य. मी ती तशीच घरी आणली आणि डायनिंग टेबलवर पेपर पसरून त्यावर ठेवली. म्हटलं, आज घरच्यांपासूनच सुरुवात! "बघा," मी म्हटलं, "सुशिक्षित माणसं गाडी थांबवून पुलावरून हे खाली टाकतात. देवाच्या नावाने! यांना जाब कोण विचारणार?"

बाबा पिशवीकडे टक लावून बघत होते. तोंडाला दोन वेढे आणि टोक आत खोचलेलं. आमच्या घरात मसाल्याच्या, लोणच्याच्या, पापडाच्या प्रत्येक पिशवीला अशीच गाठ असते. आम्ही ती सोडवायच्या भानगडीत पडत नाही, कात्री आणतो.

बाबा खोकले.

आईने पिशवी उचलली, गाठ दोन बोटांनी चाचपली आणि अभिमानाने म्हणाली, "एवढ्या भरत्या-ओहोट्या झाल्या, पण सुटली का बघ!"

*

भरती-ओहोटीसाठी माझ्याकडे ॲप आहे. मिनिटामिनिटाचा हिशेब देतं. हसुराम काका तिथी विचारतात, बोटांवर काहीतरी मोजतात आणि आभाळाकडे बघतात.

एका रविवारी काकांना मी आग्रहाने बोटीत बसवलं. बैठकीआधी त्यांना बोट कळावी, हा हेतू. बाबाही होते. फ्लेमिंगो दाखवायला मी बोट वरच्या अंगाला आत घातली. वाटेत काकांनी एकदाच विचारलं, "बाय, आज तिथी कंची?"

"तिथीचं काय काका, ॲपवर अजून दीड तास पाणी आहे!"

वीस मिनिटांनी बोटीखालून घासल्यासारखा आवाज आला. मग आवाजही बंद झाला. चारी बाजूंना चिखल. ॲप ज्या जागेची भरती सांगत होतं ती जागा तिकडे, समुद्राच्या तोंडाशी होती. खाडीत एवढं आत काय होतं, हे त्याच्या गावीही नव्हतं.

सहा तास बसलो. फ्लेमिंगो चालत चालत आमच्याजवळ आले, आम्हाला नीट बघितलं आणि परत गेले. काकांनी आईच्या रॅकमधला डबा काढून निवांत जेवण केलं.

न राहवून मी विचारलं, "काका, पाणी उतरतंय हे तुम्हाला माहीत होतं ना? मग बोलला का नाहीत?"

काकांनी बोटं चाटली. "तुजा मोबाईल बोलत व्हता ना. मना वाटला, पानी पन तोच आनतो!"

*

शिमगा झाला. बैठक बसली, देवळाच्या मंडपात.

मी बावीस स्लाइड केल्या होत्या. खाडी, कांदळवन, जाळी न कापणारी बोट, पुढच्या पिढ्या. भिंतीवर चादर लावून सगळ्या दाखवल्या. शेवटच्या स्लाइडवर लिहिलं होतं: 'प्रश्न?'

एकच प्रश्न आला. "फॅन चालू करू का?"

मग शांतता. मी हसुराम काकांकडे बघितलं. ते पहिल्याच रांगेत होते, तळहातावर तंबाखू मळत. मान वर केली नाही. बाबा उठायला लागले आणि आपण गावातले नाही, हे आठवून परत बसले. एक-दोन म्हातारे खाकरले. तेवढ्यानेही माझ्या जीवात जीव आला, पण ते नुसतेच खाकरले होते. थोड्या वेळाने कोणीतरी "बरं" म्हणालं आणि विषय जत्रेच्या मांडवाकडे वळला.

घरी आलो. आईने आमच्या चेहऱ्यांकडे बघितलं. स्टूल घेतलं, माळ्यावरची माझी मोठी बॅग खाली काढली आणि ओल्या फडक्याने पुसायला लागली. पुसून झाल्यावर पुन्हा पुसायला लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी भरती होती. काकांनी सांगितलेल्या वेळेलाच आम्ही निघालो. आई पहिल्यांदाच धक्क्यावर आली. "सोडायचीच आहे, तर बघते तरी," म्हणाली.

पाणी वर आलं होतं. मी दोर सोडायला वाकले आणि तशीच थांबले. आमच्या बोटीच्या बाहेरच्या अंगाला एक होडी लागली होती. तिचे दोन्ही दोर आमच्या बोटीच्या कड्यांना पक्के बांधलेले होते. ती सुटल्याशिवाय आमची बोट निघणं शक्य नव्हतं.

होडी हसुराम काकांची होती. काका जरा पलीकडे सावलीत बसून जाळं विणत होते.

"काका, तुमची होडी आमच्या बोटीला बांधलीय."

"हां."

"मला दोर सोडायचाय."

"मंग माजी होडी कुठं ऱ्हाईल?"

"दुसरीकडे बांधा ना, काका!"

काकांनी सुई थांबवली नाही. "जागा कुठं हाय?"

मी वळून बघितलं. अख्ख्या धक्क्यावर बोटी बांधायचे एकूण आठ खांब. त्यातले सात रिकामे होते.