दुधाच्या पिशव्यांची चटई

चूक माझीच होती, हे आधीच सांगून टाकतो. आई दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन, वाळवून, त्यांच्या पट्ट्या कापून चटया विणते. आमच्या श्रीरामपुरात चर्चच्या महिला सभेत बायका तिच्याच चटयांवर बसतात. गेल्या नाताळाच्या आधी पाहुणे येणार होते आणि अंगणातल्या दोरीवर या पिशव्या चिमटे लावून लोंबत होत्या. मला लाज वाटली. एरवी ‘ओला कचरा वेगळा, सुका वेगळा’ असं गल्लीभर सांगत फिरणारा मी, पण त्या पिशव्या खरकट्याखाली कोंबून घंटागाडीत टाकून मोकळा झालो.

संध्याकाळी आईने विचारलं, तेव्हा म्हणालो, "कचरेवालीने नेल्या असतील."

दुसऱ्या दिवशी घंटा वाजायच्या आतच आई फाटकात उभी.

"काय गं, दोरीवरच्या पिशव्या नेल्यास? वीतभर चटई राहिली होती माझी."

"मावशी, मी कशाला दोरीला हात लावू? तुमी टाकता तेवढंच नेते," घंटागाडीवरची बाई म्हणाली. मी घराच्या दारातून ऐकत होतो; ती माझ्याकडे वळली. "दादा, तुमी तर लई भाषणं देता, सांगा की यांना! चोरीचं नाव निघालं तर कामावरून काढतील मला."

मी अनवाणीच फाटकापर्यंत गेलो.

"आई, मीच टाकल्या."

"शाबास! आता रोज पिशव्या तू धुवायच्या. आणि आधी हिच्याशी बोल."

मी हात जोडले. "ताई, तुमचं नाव मी खोटंच घेतलं. मला माफ करा."