बर्फावरची गाडी आणि माझा अंगठा

मँचेस्टरला निघायच्या दिवशी स्कूटर मी चालवली आणि बाबा मागे बसले. विमानतळाची टॅक्सी मोठ्या रस्त्यावरून सुटायची, आमच्या धनकवडीच्या गल्लीत तिला वळायला जागा नाही. मोठी बॅग घेऊन आई रिक्षानं पुढे गेली होती, छोटी बाबांच्या मांडीवर होती. एरवी बाबा कुणाच्या मागे बसत नाहीत. दुचाकीचं गॅरेज चालवणारा माणूस. मागे बसला की चालवणाऱ्याच्या चुका काढतो, असं आई म्हणते. त्या दिवशी मात्र त्यांनी वाटभर एकही चूक काढली नाही. उतरल्यावर त्यांनी माझा उजवा हात हातात घेतला, अंगठा दाबून पाहिला आणि म्हणाले, "थंडीत जप याला."

हा अंगठा लहानपणी बाबांच्या गॅरेजमध्ये गेला. गेला म्हणजे आहे अजून, पण सांध्यात वाकत नाही. स्टँडवर लावलेल्या मोटरसायकलचं चाक बाबा हातानं फिरवत होते, मी फडकं घेऊन चेन पुसायला गेलो, आणि चेन मला घेऊन गेली. डॉक्टरांनी अंगठा वाचवला. बाबांनी मात्र स्वतःला त्यातून कधी सोडवलं नाही. मला पुन्हा पान्याला हात लावू दिला नाही, इंजिनिअरिंगला घातलं, आणि आईशी भांडण झालं की आई कधी काढायची नाही तो विषय स्वतःच काढायचे: "माझ्यामुळं पोराचा हात गेला."

खरं सांगू, पुण्यात अंगठ्यावाचून माझं काही अडलं नाही. पुण्यात मूल चालायला लागतं आणि लगेच गाडी चालवायला लागतं, मधे काही नसतं. मूठ पिळली की रेस, बोटं आवळली की ब्रेक. दोन्ही मुठींवर ब्रेक असलेली बिनगिअरची स्कूटर बाबांनीच मला शिकवली. पर्वतीच्या उतारावर मागे धावत ओरडायचे, "ब्रेक आठवून लावायचा नसतो रे, हातानं लावायचा असतो." डोक्याला कळायच्या आत हाताला कळलं पाहिजे, हा त्यांचा सिद्धांत. तो माझ्या हातात इतका मुरला की पुढे मलाच महागात पडला.

मँचेस्टरचं मास्टर्सचं वर्ष बरं गेलं. ट्राममध्ये कुणीतरी मराठीत आईशी फोनवर भांडत असायचं, तेवढ्यानं पोट भरायचं. कोर्स संपला तसे मित्र आयटीत शिरले, कुणी मेडनहेडला, कुणी वॉटफर्डला. मी मेकॅनिकल. माझ्या अर्जांना उत्तर आलं ते फक्त स्कॉटलंडमधल्या एका डोंगरावरून. स्कीइंगच्या लिफ्ट्सचा मेन्टेनन्स, सीझन संपेपर्यंत प्रोबेशन, जमलं तर पुढचं वर्क परमिट ते करणार. वॉटफर्डचा मंदार म्हणाला, "जा बाबा, पेंग्विनांची पंक्चरं काढ." त्याला पेंग्विन कुठे असतात तेही धड माहीत नव्हतं. तरी मी हसलो, कारण पुढे बरेच दिवस मराठीत चेष्टा करणारं कुणी भेटणार नव्हतं.

नाहीच भेटलं. डिसेंबरात तिथं साडेतीनला दिवे लागतात. गावात एक दुकान, एक पब, आणि पोस्ट ऑफिसच्या वर माझी खोली. माणसं चांगली होती, दार धरून उभी राहायची, हवेबद्दल बोलायची. पण हवेबद्दल माणूस किती बोलणार? नट आवळताना मी फेरे मराठीत मोजायचो, मोठ्यानं, नुसता आपला आवाज ऐकायला. मी एकटा होतो, आणि ते कुणाला सांगायची लाज वाटायची.

आणि तिथं ती बर्फावरची गाडी भेटली. स्नोमोबील. पुढे दोन स्की, मागे रबरी पट्टा, वर मोटरसायकलसारखं हँडल. लिफ्टच्या खांबांपर्यंत माणसं आणि हत्यारं तिच्यावरून न्यायची. पहिल्या दिवशी शेडमध्ये ती सुरू केली आणि निळा धूर निघाला. टू-स्ट्रोक. पेट्रोलमध्ये ऑइल जळल्याचा तोच वास, बाबांच्या शर्टाला रोज संध्याकाळी यायचा तो. मी तिथं उगाच उभा राहिलो. नंतर रविवारी सुट्टी असली तरी शेडमध्ये जाऊन तिला दोन मिनिटं सुरू करून ठेवायचो. कुणी विचारलं तर बॅटरी चार्ज करतोय म्हणायचो.

पण तिची रेस मुठीत नव्हती. उजव्या मुठीच्या मागे एक लहानसा दांडा, तो अंगठ्यानं पुढे ढकलायचा. जितका ढकलाल तितका वेग. ब्रेक एकच, डाव्या हाताला.

कॉलिंग कार्डावरून घरी फोन करून या गाडीचं सांगितलं तेव्हा बाबांनी पहिला प्रश्न तोच विचारला. गाडी म्हटली की त्यांना राहवत नाही.

"रेस कुठंय तिची?"

"अंगठ्यानं द्यायची असते."

पलीकडून अगदी हलक्या आवाजात, "मग तुझा अंगठा?"

"चालतो की, बाबा. काही त्रास नाही."

त्रास कसा नव्हता? दहा मिनिटांत अंगठा लाकूड व्हायचा. मी तळहातानं दांडा ढकलायचो, मग हँडलवरची पकड सुटायची. चढावर मधेच वेग मरायचा आणि गाडी बर्फात रुतायची. डोंगरावर जो गाडी नेऊ शकत नाही त्याचं डोंगरावर काम नाही, हे मलाही कळत होतं. परत जायची भीती नव्हती. परत का आलो हे बाबांना कळायची भीती होती. त्या अंगठ्यापायी पोराची नोकरीही गेली, हे ओझं त्या माणसाच्या डोक्यावर मला ठेवायचं नव्हतं.

माझा फोरमन कॅलम, साठीकडे झुकलेला, दिवसाला मोजून चार वाक्यं बोलणारा. एक दिवस त्यानं मला रुतलेल्या गाडीजवळ गाठलं, ग्लव्ह काढायला लावला आणि अंगठा पाहिला. "हाऊ लाँग?" मी म्हटलं, लहानपणापासून. तो "आय" म्हणाला. त्यांच्याकडे 'आय' म्हणजे हो, बरं, कळलं, पुढं बघू, सगळंच. मला वाटलं, झालं, आटोपला कारभार.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये तो पाना घेऊन उभा होता. म्हणाला, बोटं चालतात ना, मग बोटांना काम देऊ. आम्ही मूठ काढली, रेसचा अख्खा ठोकळा हँडलवर उलटा फिरवला, म्हणजे दांडा मागचा पुढे आला. लांब वाकडा दांडा बसवला, बोटांनी स्वतःकडे ओढायचा. केबल नव्या वाटेनं नेली. मग हँडल डावीकडे टोकापर्यंत, उजवीकडे टोकापर्यंत. केबल ताणून रेस आपोआप तर वाढत नाही ना? दांडा सोडला की झटकन परत येतो ना? गॅरेजवाल्याचा मुलगा मी, सगळं दोनदा तपासलं. हात तेवढा तपासायचा राहिला.

तुमच्यापैकी जे दुचाकी चालवतात त्यांना एव्हाना कळलं असेल. मुठीच्या पुढे, उजव्या बोटांखाली दांडा. आपल्याकडे तिथं काय असतं?

चौथ्या दिवशी वरून उतरताना ढग खाली आला. समोर एकदम बर्फ अडवायचं लाकडी कुंपण. घाबरलेला पुणेकर काय करतो? दोन्ही मुठी आवळतो. डाव्या हातानं ब्रेक लागला, उजव्या हातानं फुल रेस. गाडी किंचाळली, कुंपण फोडून पलीकडे गेली, आणि मी वेगळा, गाडी वेगळी. माणूस पडला की इंजिन बंद करणारी एक दोरी जॅकेटला बांधलेली असते, ती सुटल्यामुळं इंजिन बंद पडलं, नाहीतर हे लिहायला मी नसतो. पडल्या पडल्या उजवी मूठ पाहिली तर अजून घट्ट आवळलेली. बाबांनी शिकवल्याप्रमाणे, डोक्याला कळायच्या आत.

कॅलम आला. मला लागलं नाही हे पाहिलं, मग मी हातानं दाखवलं, आमच्याकडे ब्रेक इथं असतो. तो कधी मोटरसायकलवर बसलाच नव्हता, त्याला हे सुचणार कुठून? "परत अंगठ्यावर आणू?" त्यानं विचारलं. मी नको म्हटलं. "देन टीच द हँड," तो म्हणाला. पुण्याहून कुणीतरी बोलल्यासारखं वाटलं.

मग रोज सकाळी रिकाम्या कार पार्कात तो हात वर करायचा आणि मी थांबायचं. डावा आवळायचा, उजवा उघडायचा. संध्याकाळी खोलीत झाडूचा दांडा धरून तेच. पर्वतीच्या उतारावर धावून धावून बाबांनी या हाताला जे शिकवलं, ते मी दुसऱ्याच्या देशात एकटा बसून पुसत होतो. फेब्रुवारीत एक पांढरा ससा गाडीसमोर आला आणि उजवा हात आपोआप उघडला. गाडी थांबली, ससा गेला. मला खूप आनंद झाला. खोलीवर येऊन मी भात लावला आणि कुकरपाशी उभा राहून रडलो.

सीझन संपला, परमिटचं झालं, आणि मे महिन्यात मी घरी गेलो. आईच्या हातचं जेवलो, गल्ली पाहिली, सगळं जिथल्या तिथं. बाबांनी स्कूटरची किल्ली पुढे केली आणि मागे बसले. मंडईला निघालो. एका टेम्पोला ओलांडायला म्हणून मी वेग वाढवायला गेलो, आणि उजवी बोटं आवळली.

स्कूटर जागच्या जागी थांबली. बाबांचं कपाळ माझ्या पाठीवर आदळलं. मागच्या रिक्षावाल्यानं आमच्या घराण्याची विचारपूस केली. मी गाडी कडेला घेतली. बाबा उतरले, चष्मा नीट केला. मला वाटलं ओरडतील. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, ब्रेककडे पाहिलं, पुन्हा हाताकडे.

"बोटांनी रेस देतोस तिकडं," ते म्हणाले.

मी बोटं ब्रेकवरून काढून घेतली.

"अंगठा चालला नाही ना?"

"नाही, बाबा."

"कुणी बदलून दिली?"

"फोरमननं. कॅलम म्हणून आहेत."

"केबल अडकत नाही ना वळताना?"

"नाही. नीट केलंय काम."

त्यांनी मान हलवली. रस्त्याकडे बघत म्हणाले, "मी केलं असतं रे." आणि जरा थांबून, "सांगायचंस."

फोनवरून कसं केलं असतं त्यांनी? पण ते मी म्हटलं नाही. किती महिने मी हे त्यांच्यापासून लपवलं, तर त्यांना अंगठ्याचं नाही, दुसऱ्या कुणी पाना धरला याचं लागलं होतं.

"सरक मागं," ते म्हणाले.

मी मागे बसलो. आता मी सांगू शकतो, घर कुठं आहे ते. धनकवडीत नाही, तिथं माझा हात चुकतो. डोंगरावरही नाही, तिथं तो चुकत नाही, पण तिथं तो फक्त कामाला असतो. त्या दिवशी मंडईपर्यंत बाबा गाडी चालवत होते, शर्टाला तोच वास होता, आणि माझे दोन्ही हात मांडीवर मोकळे होते. त्यांना काही आवळायचं नव्हतं, काही सोडायचं नव्हतं. घर माझ्यासाठी आता तेवढंच आहे, बाबांच्या मागची सीट.